गराजवरच्या खोलीची ऊब

प्रिय यामिनी,

पत्र पाहून दचकू नकोस. मी ठणठणीत आहे. फोनवर तू "हो आई, बरंय आई" म्हणत मला झटक्यात गुंडाळतेस, म्हणून लिहायला बसले. विषय आपल्या घराच्या हीटिंगचा आहे, म्हणजे तुझ्या कामातलाच. तेव्हा वाचशील अशी आशा आहे.

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच तळघरातल्या, तेलावर घर तापवणाऱ्या फर्नेसने मान टाकली. अंकुरला कळवलं, तर त्याचा दक्षिणेतल्या अल्फारेटाहून लगेच फोन. त्याचं म्हणणं, साधी गॅसची फर्नेस बसवून घे, वसंतात घर विकू आणि तू इकडेच ये, इथे थंडीही कमी. पोरगा काळजीपोटीच बोलतो, मला कळतं. पण इथे पार्सिपनीत इतकी वर्षं काढल्यावर या वयात नवे शेजारी, नवं देऊळ आणि नवा डॉक्टर शोधायचा म्हटलं की नको वाटतं. शिवाय माझी नात तिथे नाही. केया इथे तुझ्याजवळ, अर्ध्या तासावर आहे. गॅस घेतला की घर विकायला होकार दिल्यासारखंच होतं, म्हणून मी ठेकेदाराला थांबवून ठेवलं.

अशा वेळी तुझ्याशिवाय कोण आठवणार? लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत तू उदबत्ती पेटवून घरभर फिरायला लागली होतीस. खिडक्या झाल्या, दारं झाली, अगदी विजेचे प्लगसुद्धा सोडले नाहीस. मला वाटलं, नागपूरकडे अशी काही रीत असेल. मी ओढणी डोक्यावर घेऊन, हात जोडून तुझ्या मागे. केयाचे आजोबा तर देवघरातली घंटा घेऊन आले. गराजवरच्या खोलीत धूर आडवा पळाला तेव्हा तू म्हणालीस, वारा इथून आत शिरतोय. मग मागे वळून आमची ती वरात पाहिलीस आणि जिन्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलीस. आम्हीही हसलो. हे घर तितकं पुन्हा कधी हसल्याचं मला आठवत नाही.

त्या दिवशी जेवताना तू सगळं समजावून सांगितलं होतंस. तेल जाळलं की बरीचशी ऊब धुराबरोबर चिमणीतून जाते, आणि धूरही सगळ्यात वाईट. गॅसची नवी फर्नेस जवळजवळ सगळी ऊब घरात देते, पण जाळणं सुटत नाही. विजेचा साधा हीटर स्वतः काही वाया घालवत नाही, पण ती वीज बनवतानाच निम्मी उष्णता हवेत गेलेली असते. म्हणजे शंभरपैकी शंभर मिळवूनही पोरगं गॅसच्या मागेच. आणि हीट पंप ऊब तयार करतच नाही, बाहेरच्या गार हवेतली उचलून आत आणतो, म्हणून एक भाग विजेत अडीच-तीन भाग ऊब मिळते. बाहेरच्या गारठ्यात ऊब कुठली, असं मी तेव्हा मनात म्हटलं होतं. पण तू इतकी मनापासून सांगत होतीस की मी मान डोलावली.

आता पंचाईत अशी, की समोरच्या सीमाने मागच्या वर्षी हीट पंप घेतला आणि गावभर त्याची बदनामी केली. वीज खातो, घर तापत नाही. अंकुरही तिचाच दाखला द्यायचा. मी स्वतः जाऊन पाहिलं. सीमा आपल्यासारखीच काटकसरी. झोपताना थर्मोस्टॅटचा आकडा पार खाली ओढायची आणि सकाळी उठून एकदम वर चढवायची. मग पंपाला तेवढी धाव जमेना की आतली विजेची कॉइल पेटायची, म्हणजे तुझा तो साधा हीटरच. दिवा विझवल्याशिवाय खोली सोडायची नाही, अशा वळणात वाढलेल्या बाईला एक आकडा लावून हात आवरायला सांगणं कठीणच. मी म्हटलं, सीमा, दूध मंद आचेवर ठेवून तू लुडबुड करतेस का? तसंच हे. तेव्हापासून ती एकच आकडा ठेवते आणि तिची तक्रार बंद आहे.

तर काल मी हीट पंपावर सही केली. अंकुरला सांगितलं, मी इथेच राहते. तो बरं म्हणाला. गराजवरच्या खोलीत आधीपासूनच गरम हवेची वाट जात नव्हती, म्हणून तिथे भिंतीवर वेगळं छोटं युनिट घेतलं आणि फटी बुजवून घेतल्या. हवेत धूर कमी जाईल, चांगलंच आहे. पण खरं सांगू, मी पृथ्वीचा विचार नंतर केला.

केयाच्या तोंडून निघून गेलं. जानेवारीत तुझं ऑपरेशन आहे, तुझ्या आईला व्हिसा मिळाला नाही, आणि तू टॅक्सीने घरी परतून एकटीच सगळं करणार आहेस. तिला रागावू नकोस. तुझं आणि अंकुरचं लग्न का मोडलं ते तुम्हा दोघांचं, त्यात मी निवाडा करणार नाही. पण दोन वर्षं तू केयाला दारात सोडून बाहेर गाडीतच बसून राहतेस आणि मी खिडकीतून बघत उभी असते, हे मला सोसत नाही. हॉस्पिटलमधून सरळ इकडे ये. केयाची शाळा मी बघते, तुला मऊ भात मी करून देते. युनिट बसवणाऱ्याने विचारलं, वरच्या खोलीत कोण राहतं? मी म्हटलं, माझी सून. त्याने तसं लिहून घेतलं आणि मी ते दुरुस्त केलं नाही.

तुझीच,
आई