माहेरचं मशीन

नंदुरबार,
१४ मे २०२५

चि. सौ. हेमांगीस,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. ऊन असं की क्लासचा पंखा गरम हवाच फेकतो, आणि मुलं शिकायला नाही, माठातल्या पाण्यासाठी येतात असा माझा संशय आहे. तुझ्या वहिनीनं कैरीचं लोणचं घातलंय, तुझी बरणी बाजूला काढून ठेवली आहे. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. फार दिवसांनी हातानं लिहितोय, अक्षर सांभाळून घे.

मी तुला दिलेल्या त्या मिनी डेस्कटॉपविषयी थोडं सांगायचं होतं. बाजारात दोन प्रकारचे डबे मिळतात. दिसायला सारखेच, एका हातात मावणारे. एक स्वस्तातला. टायपिंग, बिलं, मुलांचे व्हिडिओ एवढ्याला तो पुरतो. दुसरा दमाचा. त्याचा प्रोसेसर जोरकस, रॅम भरपूर. घराचं थ्रीडी फिरवून दाखवायचं तर तोच हवा. पहिल्यावर थ्रीडी उघडलं की तो तापतो, पडदा गोठतो, आणि माणसाला वाटतं आपल्याच हातून काही चुकलं.

हे मी क्लासमध्ये रोज शिकवतो. हेमा, अखाजीच्या, अक्षय्य तृतीयेच्या, आधीही मला हे ठाऊक होतं.

तू फोनवर म्हणाली होतीस, “भाऊ, धाकलंच लई ये, कोपरामा मावाले पाहिजे. पन दम पाहिजे त्यामा.” धाकलं म्हणजे आकारानं लहान, हे न कळायला मी काही पुण्यात जन्मलो नाही. पण दुकानात जुबेरभाईंनी विचारलं, “सर, काम क्या करेंगे इस पे?” तेव्हा मी म्हणालो, “कुछ नहीं, बहन है, घर में शौक के लिए.” शौक! तू डिप्लोमा पहिल्या वर्गात काढलास, शहाद्याच्या लोकांच्या घरांचे नकाशे करतेस, आणि माझ्या तोंडून निघालं शौक. स्वस्तातलं उचललं, आणि अखाजीला आलेल्या लेकीला माहेरचं देणं म्हणून कुंकू लावून हातात दिलं. वर ऐकवलं की धाकलं तूच मागितलंस.

गेल्या रविवारी मी कळसाडीला तुझ्या सासरी आलो तेव्हा रूपचंद अण्णा त्यांच्या बंगल्याचा थ्रीडी व्ह्यू बघायला बसले होते. जिना आला आणि पडदा गोठला. तू पुन्हा चालू केलंस, पुन्हा गोठला. अण्णा उठले, काम दुसऱ्याला देतो म्हणाले. सासूबाई कडाडल्या, “हिले येत नही ते कसाले मिरावस? उचला हाऊ पसारा.” जावईबापू धर्मेंद्ररावांनी मात्र मला सरळ विचारलं, “भाऊ, मशीनमा काही खोट शे का?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कॉम्प्युटरचा मास्तर ना मी. मी म्हणालो, “मशीन बेस शे. चलाडनाराले येवाले पाहिजे.” म्हणजे खोट तुझ्यात.

तू एकदा माझ्याकडे पाहिलंस आणि वायरी काढायला लागलीस. तुला सगळं कळलं होतं. पण माहेरची वस्तू हलकी निघाली, असं लेक सासरी म्हणत नाही. माहेरचं लुगडं विटलं तर ती स्वतःच्या धुण्याला नावं ठेवते, तशी तू गप्प राहिलीस. आणि मी त्या गप्प बसण्याआड लपून जेवलो. आमरससुद्धा पुन्हा मागून घेतला. लाज वाटते गं. घास आठवला तरी वाटते.

काल धर्मेंद्ररावांचा फोन आला. टेबल हलवलंय, नकाशे आता बंद, म्हणाले. आधी वाटलं, गुपचूप दमाचं मशीन पाठवून द्यावं. पण मग सासूबाई म्हणतील, धाकल्यावर जमलं नाही, आता मोठं मागते. मी चारचौघांत जे बोललो ते नव्या डब्यानं कसं पुसलं जाणार? दमाचं मशीन घेऊन रविवारी येतोच आहे. त्याआधी हे पत्र पोचायला हवं.

माहेरचं नाक जाईल म्हणून हे पत्र दडवू नकोस. जाणारं नाक माझं आहे, जाऊ दे. खालचं तेवढं सासूबाईंसमोर मोठ्यानं वाच. तुला जड गेलं तर धर्मेंद्ररावांच्या हातात दे. त्यांना कळावं म्हणून आपल्या बोलीतच लिहितो.

“माय, मशीन कमजोर शे. हेमांगीनी दमनं मांगेल व्हतं, मी हलकं आनं, आनि तुमना समोर खोटं बोलनू. तिले समदं येस. माले तोंड दखाडाले लाज वाटस, तरी मी येस.”

मशीन निवडून आणणारा,
हेमांगीचा भाऊ
नवनीत