मनालीच्या टाळूचा वास

३ ऑगस्ट
कपाळ फुटतंय! भुवयांच्या वर कुणी पाटा ठेवून वाटण वाटतंय. आणि नाक तर मेलेलंच. मनाली वर्षाची झाली — अजून माझ्या लेकीचा वास मला माहीत नाही. ती पोटात होती तेव्हापासून नाक बंद. तान्ही असताना जी येई ती तिच्या टाळूला नाक लावी, डोळे मिटी, "आहाहा!" म्हणे. मीही लावायची. काही नाही.

७ ऑगस्ट
पनवेलला डॉक्टर मॅडमकडे. रत्नदीपने अर्धी रजा टाकली. मॅडमनी कागदावर नाक काढून दाखवलं. कपाळाच्या हाडात पोकळी असते, तिची वाट नाकात उतरते — अरुंद आणि वाकडी. गेल्या वर्षी ऑपरेशन झालं, पण ती वाट पुन्हा बुजली. आता तिरकं बघणारी दुर्बीण नाकातून घालायची, सरळ दुर्बिणीला कोपऱ्यापलीकडचं दिसत नाही म्हणे. मग पोकळीचा तळ बारीक ड्रिलने घासायचा आणि दोन्ही बाजूंची मिळून एकच मोठी खिडकी करायची. कपाळावर चीर नाही.
विचारलं — वास येईल?
"खात्री देत नाही. पण मागच्या बाजूला वासाची पहिली नस दिसते. ती दिसली की ड्रिल थांबवायचं. तीच आमची हद्द."
माझी वासाची नस कुणीतरी डोळ्यांनी बघणार! उगाच लाजले.

८ ऑगस्ट
सासूबाई — "नाकातनं कपाळात? आन मेंदूला लागलं म्हंजे गं?" बोलता बोलता माझ्या कपाळावर वेखंडाचा लेप थापला. असला भाजला!
रत्नदीप म्हणतो, डोकं दुखतं म्हणून कर, वासासाठी नको. त्याला काय कळणार! दुखणं मी जन्मभर काढलं असतं.

२१ ऑगस्ट
उद्या. भीती वाटते.

२३ ऑगस्ट
झालं. तोंडाने श्वास. मॅडम म्हणाल्या, "नस दिसली. शाबूत आहे. तिच्या अलीकडेच थांबले."
पंधरा दिवस वाकायचं नाही, मनालीला उचलायचं नाही. ती दारातून हात पसरते. मी नुसती बघते.

५ सप्टेंबर
मिठाच्या पाण्याने नाक धुते. खपल्या पडतात. कपाळ हलकं झालं. वास नाही. कॉफीच्या डब्यात तोंड खुपसलं — नाही.

११ सप्टेंबर
आला!!! सासूबाई सुकट भाजत होत्या. शेजारणी ज्या वासाने खिडक्या लावतात, तो मी तव्यावर वाकून छातीभर घेतला. रडले. सासूबाई घाबरल्या, "भाजलं का गं?"
मनालीच्या डोक्याला तेल-वेखंड चोपडलेलं. उद्या तिला नुसत्या पाण्याने न्हाऊ घालीन. मग वास घेईन. वर्षभर थांबले, एक दिवस काय!

१२ सप्टेंबर
न्हाऊ घातली. टाळूला नाक लावलं. पाणी, थोडा घाम, बिस्किट. चांगला आहे. पण तो कुठाय? पुन्हा लावलं. मनाली वैतागली, निसटली. सासूबाईंना विचारलं. त्या कितीतरी वेळ पदराला हात पुसत राहिल्या.
"तो कवाच गेला गं. तानेपनीचाच आसतो. चार-सा महिन्यांत जातो. तू येवढी आस लावून बसलेलीस — कोन सांगंल तुला?"
रत्नदीपलाही माहीत होतं.