चौथ्या डब्यातलं मीठ

प्रिय वन्सं,

तुम्हाला जाऊन सव्वा वर्ष झालं, तरी आज पुन्हा तुमच्याशी भांडायला बसले आहे. तुमचा चौथा डबा घरी आलाय. जव्हारपलीकडच्या पाड्यावरची सोनीबाय तो डोक्यावर घेऊन सकाळी दारात उभी राहिली.

"बाई हाय का घरात?" तिनं विचारलं. आता काय सांगायचं होतं मी?

तुमची ती दिवाळीच्या सुटीतली पायपीट! मासवणपासून मोखाड्यापर्यंत डोंगरवाटेनं आठ दिवस. भूगोल शिकवता म्हणून नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारलीत. पट्टीला चढ कळतो का हो? आधी दोन रविवार एस.टी.नं हिंडून पाच पाड्यांवर शिध्याचे पाच डबे ठेवून आलात. तेवढ्यावरही माझी तक्रार नव्हती. पण मीठ ओल धरतं, डाळ नासवतं, म्हणून सगळंच्या सगळं मीठ चौथ्या डब्यात?

"पहिले दिवस काय करायचं?" मी विचारलं होतं.

"वहिनी, आखणी झाली आहे," तुम्ही म्हणालात. शाळेत मुलींना गप्प करता तशा.

अशेरीच्या पायथ्याशी अळणी खिचडी, पुढच्या मुक्कामी अळणी खिचडी. तिसऱ्या डब्यात सातपाटीचे बोंबील, तेही अळणीच. पाड्यावर चिमूटभर मीठ मागू म्हटलं, तर तुम्ही डोळे वटारलेत. "त्यांच्याकडे मोजकं असतं. मागायचं नाही." पटलं मला ते, पण जिभेला पटत नव्हतं.

जव्हारला खानावळीत मीठ लागलेलं पिठलं खाल्लं आणि मी जी बसले ती उठलेच नाही. पायांना फोड आले होते, हे खरं. पण तुमची जिरवायची होती, हेही खरं. तुम्ही एकट्या पुढे जाल असं वाटलं होतं. तुम्ही मुकाट्यानं एस.टी.त माझ्या शेजारी येऊन बसलात. "पुढच्या दिवाळीला," एवढंच म्हणालात. त्या आषाढात तुम्हाला ताप आला आणि पुढची दिवाळी तुमच्याशिवायच आली.

पण एक पोस्टकार्ड टाकायला काय झालं होतं? आम्ही येत नाही, डबा उघडा, एवढं लिहायचं. तुम्ही नाही लिहिलंत. मला तर सुचलंच नाही.

सोनीबाय सांगत होती, "दोन सांजा वाट पायली. नागलीच्या भाकरी करून ठेवल्या होत्या. बाई बोलली होती, मी येते, तवर उघडू नको. मंग नाय उघडला."

डब्यात मीठ आहे हे तिला ठाऊक होतं. मी विचारलं, "आणि तुमच्याकडचं मीठ संपलं तेव्हा?"

"पावसात संपलं ना. शेजारणीकडून आणलं. हे बाईचं हाय."

आता कापणी उरकून घरची सगळी तारापूरला बिजलीघराच्या कामावर निघाली आहेत. रिकाम्या घरात डबा कसा ठेवायचा, म्हणून डब्यावरचा तुमचा पत्ता लोकांकडून वाचून घेत ती इथवर आली.

तुम्ही गेलात हे सांगितल्यावर ती ओट्यावरच बसली. मग म्हणाली, "मला वाटलं, आमच्याकडं यायला बाईला नको वाटलं."

वन्सं, दोन वर्षं ती बाई असं समजून होती. नको मला वाटलं होतं, तुम्हाला नाही. हे मी तिला सांगितलं.

डबा उघडला तर मिठाचा दगड झालेला. वरवंट्यानं फोडला आणि अर्धा तिच्या पदरात बांधला. घेताना केवढे आढेवेढे! अगदी तुमच्यासारखीच.

पाचवा डबा अजून तिकडेच आहे. त्यात काय ठेवलंय ते तुम्ही शेवटपर्यंत सांगितलं नाहीत. तिथेही कुणीतरी वाटेकडे डोळे लावून बसलं असेल आणि तसंच समजून असेल. येत्या सोमवारी मी निघते. जिथे बसले होते त्या जव्हारपासून, पायी. तुम्ही का आला नाहीत ते त्यांना सांगेन, मी का आले नाही तेही सांगेन, आणि मग त्यांच्यासमोर डबा उघडेन.

उरलेलं मीठ पुरचुंडीत बांधून घेतलंय, पहिल्या दिवसापासून जेवणात घालायला. तुमची आखणी मी एवढीच बदलली आहे.

तुमची,
वहिनी