बुधवारी मेलेला ड्रमर

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त मुद्रितशोधक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. अक्कल शाबूत आहे. गुडघे गेले आहेत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. कोणाचा दबाव नाही. किळस मात्र भरपूर आहे, आणि ती कोणाची ते पुढे येईलच. आधीचे मृत्युपत्र मी फाडले आहे.

१. राहत्या दोन खोल्या माझ्या पुतणीला. ती शाळेत भूगोल शिकवते आणि मला तोंडावर खरे सुनावणारी ती एकटीच. रेकॉर्ड प्लेअरही तिलाच, पण कलम ५ चे काम उरकल्यावर.

२. मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात चार हजारांवर कार्डे आहेत. साठच्या दशकात ब्रिटनमध्ये एखादी तबकडी काढून विझलेले मॉड आणि सायकेडेलिक शैलीचे रॉक बँड त्यांवर आहेत: कोण वाजवायचे, कुठे, पुढे त्यांचे काय झाले. एकेचाळीस वर्षे पत्रे लिहून, जुन्या साप्ताहिकांचे गठ्ठे उपसून ही माहिती जमवली. माझा नियम असा, की दोन स्वतंत्र आधार मिळेपर्यंत पेन्सिल, मिळाल्यावर शाई. या नियमाचा मी फार तोरा मिरवला. कार्डे सार्वजनिक वाचनालयाला द्यावीत, पण कलम ६ मधली दुरुस्ती केल्याशिवाय एकही हलवू नये.

३. माझे एके काळचे मित्र, दातांचे डॉक्टर, यांना काहीही देऊ नये, तबकड्यांची रिकामी पाकिटेसुद्धा नाहीत. माझ्याच खुर्चीत बसून, माझाच चहा पीत यांनी कार्डे उतरवून घेतली आणि स्वतःच्या नावाने जाडजूड ग्रंथ छापला. आभारात त्यांच्या कुत्र्याचे नाव आहे, माझे नाही. तबकड्या विकत घेतात आणि प्लॅस्टिकमधून बाहेर काढत नाहीत. वाजवली की भाव उतरतो म्हणे. अशा माणसासमोर लोक तोंड उघडतात तरी कसे?

४. आता माझी पाळी. ‘द टिन ऑर्चर्ड’ या बँडच्या कार्डावर मी शाईने लिहिले की ड्रमर गाडीच्या अपघातात वारला. आधार दोन: एक साप्ताहिक आणि चाहत्यांचे एक पत्रक. दोन्हींत छापले होते ‘बुधवार, १३ ऑक्टोबर १९६७’. त्या तारखेला शुक्रवार होता. एकच चूक दोन्हीकडे, म्हणजे पत्रकाने साप्ताहिकाची नक्कल मारलेली, आधार एकच. एकतीस वर्षे दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरणाऱ्या माझ्या नजरेतून हे सुटले. मेला होता तो बँडचे सामान वाहणारा चालक, हे मला फार उशिरा कळले. डॉक्टरांनी माझी चूक ग्रंथात नेली, तिथून ती जगभर गेली.

तीन वर्षांपूर्वी त्या ड्रमरचे पत्र आले. नंतर नळजोडणीची कामे करून निवृत्त झालेला गृहस्थ. नातीने इंटरनेटवर वाचून विचारले, आजोबा, तुम्ही मेलात का? त्याचे त्याला हसू आले होते. मागणे एवढेच होते: त्यांचे दुसरे गाणे कधी बाजारात आले नाही, कंपनीने चाचणीपुरती काढलेली एकच तबकडी माझ्याकडे आहे असे त्याने ऐकले होते. स्वतः वाजवलेले ते गाणे त्याने कधीच ऐकले नव्हते. उजवा कान गेला आहे, डावा जातो आहे. टेप करून पाठवाल का?

मी उलट टपाली कळवले की माझ्या कार्डावर आपण मृत आहात, आणि जिवंत असल्याचे दोन आधार मागितले. पुतणी म्हणाली, “काका, माणूस स्वतः सांगतोय की मी जिवंत आहे. आता काय त्याच्या शेजाऱ्यांना विचारणार?” मी म्हणालो, हा एकच आधार झाला. सात आठवड्यांनी फोटो आला. त्या दिवसाचे वर्तमानपत्र छातीशी धरून म्हातारा उभा होता. मी कळवले की यावरून आपण जिवंत आहात हे दिसते, ड्रमर होतात हे नाही. हे वाक्य मी दोनदा तपासून टपालात टाकले. त्याची मला जितकी किळस येते तितकी डॉक्टरांचीही येत नाही.

तिसरे पत्र त्याच्या मुलीचे होते. “बाबा फेब्रुवारीत गेले. शेवटी त्यांना काहीच ऐकू येत नव्हते. आता तुमचे कार्ड बरोबर आहे.”

५. ती तबकडी त्या मुलीची आहे. मी टपालाने पाठवणार होतो. दोन वर्षे पाकीट तयार आहे, माझी हिंमत झाली नाही. पुतणीने माझ्या शिलकीतून तिकीट काढून ती स्वतः ब्रिटनला न्यावी, रेकॉर्ड प्लेअरसकट, कारण त्यांच्याकडे तो असेलच असे नाही. ओळखीचा कागद मागू नये. माझ्या वतीने सफाई देऊ नये. बाईंनी दार लावून घेतले तर वाद न घालता तबकडी उंबऱ्यावर ठेवून यावे. त्यांनी ती फोडली तरी तो त्यांचा हक्क.

६. ‘द टिन ऑर्चर्ड’च्या कार्डावरची ड्रमरची नोंद खोडू नये. माझी चूक दिसली पाहिजे. तिच्याखाली, शाईने, एवढेच लिहावे: ‘मृत्यू फेब्रुवारीत, घरी, म्हातारपणी. आधार: मुलीचे पत्र. दुसरा आधार मागितलेला नाही.’

हे मृत्युपत्र मी साक्षीदारांसमोर वाचून दाखवले आणि मग सही केली.

सही: मुद्रितशोधक (निवृत्त)
साक्षीदार: १. तळमजल्यावरचे घड्याळदुरुस्तीवाले. २. समोरच्या दवाखान्यातील परिचारिका.
ठिकाण: मागची खोली, कपाटासमोर
दिनांक: ९ मार्च, शनिवार. वार कॅलेंडरवर पाहून लिहिला आहे.