पुढची सीट

थोरल्या ताईस धाकटीचा वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? तेल लावत नसशील तर लाव. भावोजी बरे असतील. फोन केला असता, पण जाऊ सारखी शेजारी असते, म्हणून लिहितेय.

धाकट्या दिराने गाडी घेतली (जुनीच, पण जाऊ तिला नवी म्हणते). रविवारी सगळ्यांना फिरायला नेलं. इथे जमिनीचा एक तुकडा जिभेसारखा समुद्रात शिरलाय, त्याच्या कडेकडेने दिवसभर चक्कर. तिन्ही बाजूंना समुद्र. मला दिसला तो दिराच्या टकलापलीकडे, बोटभर. या घरात जिला गाडी लागते ती पुढे बसते. जावेला लागते म्हणे. मला लागत नाही (हे मीच लग्नापासून मिरवत आलेय), म्हणून मी मागे, मधोमध, मांडीवर चहाचा थर्मास. एका खिडकीला सासूबाई झोपलेल्या, दुसरीला आमचे हे, पाय फाकवून. जावेचा ड्रेस माझ्याच दुकानात मीच इस्त्री केलेला, त्याला सुरकुती नाही. दीपस्तंभ येईपर्यंत माझ्या ड्रेसचा बोळा झाला. वर ती पुढून म्हणते, "वहिनी, होड्या बघा ना." बघू कुठून, तुझ्या अंबाड्यातून? आणि गाडी लागणाऱ्या या बाईने थांबू तिथे तळलेले मासे खाल्ले.

मग मी तोंडाला रुमाल लावून डोळे फिरवले. दिराने करकचून ब्रेक मारला. ह्यांनी माझ्या नाकाशी लिंबू धरलं (लग्नानंतर पहिल्यांदाच स्वतःहून काही आणून दिलं). मला पुढे बसवलं, जावेला मागे माझ्या जागी. काय ऐटीत बसले. पहिलं वळण घेतलं आणि समुद्र संपला. घरापर्यंत विटांच्या भट्ट्या आणि एका ट्रकचं ढुंगण. मागे जाऊ खरोखर ओकली, माझ्या थर्मासच्या झाकणात. तिला लागते हे खरं निघालं, याचाच मला जास्त राग आला.

बाकी ठीक. मुलांना आशीर्वाद.

ता. क. पुढच्या महिन्यात परत जाणार आहेत. सासूबाई म्हणाल्या, "थोरल्या सुनेलाही लागते, राहू दे तिला घरी." हे मान हलवून मोकळे. तू सासूबाईंना फोन करून शपथेवर सांग, की माझ्या बहिणीला जन्मात गाडी लागलेली नाही.

ता. क. शपथ नको. थोडीशी लागते, पुढे बसली की बरी राहते, असं सांग. नाहीच ऐकलं तर मधली जागाही चालेल म्हणावं. पण जाऊ बघून येणार आणि आठवडाभर माझ्या इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहून मला समुद्र सांगणार, तेवढं नको.