रेवाचे दोन गोल

ईडन प्रेरी. मार्च, रविवार संध्याकाळ

आज जेवायला आलेल्या जोशीकाकूंनी विचारलं, "रेवा कॉलेजनंतर प्रोफेशनल आइस हॉकी खेळणार ना?"

मी नातीसमोरच बोलून गेलो, "सबंध सीझनमध्ये दोन गोल. हिला कोण घेणार?"

रेवा हसली. "आजोबा, आय प्ले डिफेन्स. गोल अडवते मी."

एका प्रोफेशनल संघाने तिला निवडीच्या ट्रायलला बोलावलंय, हे सुनेने मागाहून सांगितलं.

चार वर्षं तिच्या कॉलेजात झालेली एकही मॅच चुकवली नाही म्हणून मिरवतो मी. पाहिलं काय? पांढरा बर्फ पाहत शाळेतल्या कविता आठवत बसलो. दोन गोल! पेपरातले मार्क मोजावेत तसे तेवढेच मोजले.

निघताना रेवाने विचारलं, "ट्रायलला येणार ना?"

हो म्हणालो. तेही तिच्याकडे न बघताच.