शेवंता घोडीच्या जखमेचा अहवाल आजच मिळणेबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
पशुरोग नमुना तपासणी कक्ष, ठाणे.

विषय : घोडीच्या जखमेतील पुवाचा तपासणी अहवाल माझ्या पतीच्या उपचारासाठी आज कार्यालय बंद होण्यापूर्वी मिळणेबाबत.
संदर्भ : नमुना क्र. ३१७, दि. २४/०२/२०२५.

महोदय,

मी, शालन काळुराम गायकर, वय ४६, राहणार मानपाडा, डोंबिवली (पूर्व), आपणांस कळविते की, माझे पती काळुराम यांच्याकडे शेवंता नावाची वरातीची पांढरी घोडी होती. दि. २६ जानेवारी रोजी घोडबंदर रोडवरील एका वरातीत कोणीतरी फटाक्यांची पेटती माळ तिच्या पोटाखाली फेकली. ती उधळून दुभाजकाच्या लोखंडी गजावर पडली व मागची मांडी वीतभर फाटली. पाठीवरून पडलेला नवरदेव उठला, कपडे झटकून गाडीत बसला. आम्ही घोडीला टेम्पोत घालून घरी आणले.

२) यात आमची चूक आहे ती लपवीत नाही. माझे पती नेहमीप्रमाणे मेडिकलमधून इंजेक्शने आणून स्वतःच टोचू लागले. मी म्हटले, डॉक्टरला बोलवा. ते म्हणाले, "दोन सुया मारल्या की उठेल गं ती, उगाच घाबरतेस." घोडी खायला लागली की ते सुई बंद करायचे. आठ वर्षे खोकला, ताप, खरचटणे, सगळ्याला हाच उपाय. या वेळी जखम तीनदा मिटल्यासारखी झाली आणि तीनदा फुटली. शेवटी पशुवैद्य डॉ. मृणाल सबनीस यांना बोलावले. त्यांनी पू तपासणीस आपल्याकडे पाठविला व पतींना सुनावले, "अर्धवट औषध देऊन देऊन तुम्ही जंतूंना त्याची सवय लावलीत. आता हे इंजेक्शन म्हणजे त्यांना पाणी."

३) दि. ११ मार्च रोजी पती जखम धूत असताना घोडीने वेदनेने त्यांचा उजवा हात कोपराखाली दातांत धरला. धरून झटकला, आणि त्यांना भिंतीवर आपटले. मी तिच्या नाकावर बादली मारली तेव्हा हात सुटला. हाड दिसत होते.

४) दि. १५ रोजी सकाळी घोडीने दावे तोडले. ती स्वतःचीच मांडी चावून मांस ओढत होती. तिला आवरायला आलेले शेजारी सलिल यांच्या तीन बरगड्या तिने लाथेने मोडल्या. मग गल्लीतली माणसे सळया घेऊन आली. लांबून मारू लागली, दगड घालू लागली. तिचा एक डोळा फुटला. डॉ. मृणाल फोनवर म्हणाल्या, "ताई, मी ट्रॅफिकमध्ये अडकलेय, तासभर थांबा. मी इंजेक्शन देऊन शांत करते." महोदय, तासभर कोणाला थांबवू? मी ओरडून सगळ्यांना मागे सारले, पहार घेतली व तिला नावाने हाक मारली. गुळासाठी खाली घालायची तशी तिने मान खाली घातली. पहिला घाव नीट बसला नाही. तिसऱ्याला ती पडली. याबद्दल माझ्यावर गुन्हा नोंदवायचा असल्यास नोंदवावा, मी नाकारणार नाही.

५) दि. १६ पासून पती अतिदक्षता विभागात आहेत. हात खांद्यापर्यंत काळानिळा सुजला आहे. तीन औषधे लागू पडली नाहीत. तेथील डॉक्टर काल म्हणाले, "आमचा रिपोर्ट यायला तीन दिवस आहेत, तेवढा वेळ नाही. घोडीचा रिपोर्ट झाला असेल तर आणा, बहुतेक तोच जंतू आहे." आज सकाळी ते म्हणाले, "काहीच कळलं नाही तर उद्या सकाळी हात काढावा लागेल."

६) आपल्या कार्यालयाच्या नोंदीप्रमाणे अहवाल दि. ४ मार्च रोजीच तयार आहे. काल मी खिडकीवर गेले. लिपिक श्री. हरिहर म्हणाले, मालकाने समक्ष यावे. मालक बेशुद्ध आहेत, असे सांगितले. म्हणाले, मग जनावर आणा, तिच्या टॅगचा नंबर पावतीशी जुळवू. जनावर मेले, असे सांगितले. म्हणाले, मग मृत्यूचा पंचनामा. पंचनाम्याच्या फॉर्मवर 'मृत्यूचे कारण' या रकान्यात मी खरे ते लिहिले : पहार. त्यांनी फॉर्म परत केला. "अहो, असं नाही चालत. रोगाचं नाव लिहा." रोगाचे नाव अहवालात आहे आणि अहवाल त्यांच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये आहे. मला त्याचा निळा कोपरा दिसत होता. मी खिडकीतून हात घातला, त्यांनी काच खाली ओढली. माझी दोन बोटे ठेचली आहेत. त्याबद्दल तक्रार नाही.

७) तरी अहवालाची प्रत मला, किंवा माझ्यावर विश्वास नसल्यास थेट रुग्णालयातील डॉक्टरांना, आज साडेपाचच्या आत द्यावी.

८) आणखी एक. घोडी मेली त्याच संध्याकाळी गल्लीतल्या तबेल्यातले दोन घोडेवाले आमच्या फळीवरच्या त्याच इंजेक्शनांच्या उरलेल्या बाटल्या घेऊन गेले. "वाया कशाला घालवायच्या, वहिनी," म्हणाले. मी तेव्हा भानावर नव्हते. त्या माणसांची नावे मी देणार नाही, मला त्याच गल्लीत राहायचे आहे. त्यांच्या घोड्यांची नावे देते : हिरा, आणि गाभण असलेली चांदणी. अजून दोघांना जखम नाही. कृपया कोणाला तरी पाठवा.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून,
शालन काळुराम गायकर
दि. १८/०३/२०२५

सोबत : १) नमुना दिल्याची पावती. २) रुग्णालयाचे पत्र. ३) परत केलेला फॉर्म.